कुलूप शेवटपर्यंत बंदच होतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन श्री. भीमराज गायकवाड, आत्ताच दारांच्या सुरक्षिततेवर इतकं सविस्तर बोलून बसलेले पोलीस निरीक्षक श्री. राजेश सावंत साहेब, खुर्चीत अवघडून बसलेली आमची सत्कारमूर्ती प्रेमाताई परब, तिची लेक जान्हवी, वॉकर बाजूला ठेवून पहिल्या रांगेत बसलेले कुंडलिककाका, आणि नवक्षितिज सोसायटीतल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

बोलायला उभी राहिले आणि डोळ्यांसमोर काय आलं सांगू? एक दुपार. खास अशी काही नाही, तशा शेकडो झाल्या असतील. मे महिना, वीज गेलेली, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरची चारही दारं सताड उघडी. दारांचे पडदे वाऱ्यासाठी गाठ मारून वर बांधलेले. प्रेमाताई तिच्या उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडतेय, मी माझ्या उंबऱ्यात बसून तिच्याच सुपातले खडे वेचतेय. मुलं एका घरात पाणी पितात, दुसऱ्या घरात लघवीला जातात आणि तिसऱ्या घरात मार खातात. प्रेमाताई, आपण त्या दुपारी काय बोलत होतो, तुला आठवतं? मलाही नाही आठवत. आठवतं ते एवढंच, की कोणत्याच दाराला हात लावावा लागत नव्हता.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टरनी आम्हाला पहिला धडा दिला तो असा, की दारावर टकटक करायची, 'आत येऊ का' विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. लग्न होऊन मुलुंडला आले आणि पहिल्याच सकाळी एक बाई टकटक न करता थेट माझ्या ओट्यापाशी आल्या, म्हणाल्या, "साखर संपली गो," आणि डबा उघडून घेऊन गेल्या. ती हीच प्रेमाताई. मी पुढे सहा महिने तिला 'आत या ना' म्हणत होते आणि ती आधीच आत असायची.

असो. सावंत साहेब, तुम्ही मघाशी सभागृहाला एक प्रश्न विचारलात. "तुमच्यापैकी कितीजणांच्या घराची चावी बाहेरच्या माणसाकडे आहे? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. तुम्ही खूश झालात. "शाब्बास," म्हणालात. साहेब, आता कार्यक्रम संपत आलाय, म्हणून खरं सांगून टाकते. हात वर झाले नाहीत, कारण सगळे प्रेमाताईकडे बघत होते. आणि प्रेमाताई छताकडे बघत होती. शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आलं, ती पुटपुटली, "गप रव हां दर्शना. सायबांका कित्याक उगीच टेन्शन!"

तर साहेब, जवळजवळ अख्ख्या इमारतीच्या चाव्या या बाईकडे आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या एका डब्यात. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची नाडी. कोणती कोणाची हे कुठेही लिहिलेलं नाही, ते फक्त तिला माहीत. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती ती. कोणाची तार कुठे जोडायची हे तिला कधी लिहून ठेवावं लागलं नाही.

आणि आज ती चालली आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आपल्याकडे लिफ्ट नाही, म्हणून दहिसरला जान्हवीकडे. नोटीस बोर्डावर लागलंय, की समारंभानंतर प्रत्येकाने आपापली चावी परत न्यावी. गायकवाड साहेब, तुमची नोटीस नियमाला धरून आहे. पण आपल्याकडे एकटी राहणारी माणसं आहेत. कुंडलिककाका आहेत, दुसऱ्या मजल्यावरच्या कमलताई आहेत, आणि माझा नवरा सुबोध गेल्यापासून मी आहे. आमची चावी आमच्याच घरात परत आली, तर ती काय कामाची? आत पडलेल्या माणसाला स्वतःच्या चावीचा उपयोग नसतो. म्हणून आज प्रेमाताईचं कौतुक करता करता मला एक गोष्ट ठरवूनही जायची आहे. ती गेल्यावर आपल्या दारांचं काय?

ही चाव्यांची पद्धत सुरू कशी झाली ते नव्या लोकांना माहीत नसेल. त्याला मी कारण आहे. आमच्या दाराला नवीन लॅच बसवलं होतं, बिल्डिंगमधलं पहिलं. सुबोधला त्याचा फार अभिमान. आल्यागेल्याला दार ओढून 'खट्' आवाज ऐकवायचा. एके सकाळी मी कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले, वाऱ्याने दार लोटलं गेलं आणि झालं खट्.

प्रेमाताई दारात. "काय गो, भायर कित्याक उभी?"

"दार लागलं."

"मगे उघड."

"चावी आत आहे."

"नि गॅसवर काय?"

"कुकर."

"अगो बाय माझ्या!" आणि मग आत वळून जी हाक मारलीन ती मी जन्मात विसरणार नाही. "अहो, तुमचो छातीचो फोटो हाडा!"

दशरथभावोजी तेव्हा गिरणीत होते. कापसाच्या धुळीने खोकला लागलेला, म्हणून नुकताच एक्स-रे काढलेला. ते बनियनवर, हातात ती काळी फिल्म घेऊन आले, दार आणि चौकट यांच्या फटीत ती सरकवली, खांद्याने दार जरासं दाबलं आणि दार उघडलं. आत कुकर शिट्टी मारत होता, तीच शिट्टी पुरी व्हायच्या आत. संध्याकाळी सुबोधला सांगितलं. त्याने दार ओढून पुन्हा एकदा 'खट्' ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे हे कुलूप दशरथरावांच्या फुप्फुसांनी उघडतं?"

भावोजी हसले नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, नुसतं ओढून घेतलेलं दार बंद नसतं. जाताना बाहेरून किल्ली फिरवायची. मग माझा फोटो काय, मी स्वतः फटीत शिरलो तरी उघडायचं नाही." सावंत साहेब, तुम्ही मघाशी पडद्यावर चित्र काढून हेच दाखवलंत. स्प्रिंगची जीभ मागे ढकलता येते, किल्लीने बाहेर आलेला दांडा ढकलता येत नाही. आम्ही ते एका छातीच्या चित्रावरून शिकलो. भावोजी आज असते तर तुमच्या शेजारी बसून त्यांनी मान डोलावली असती.

आणि प्रेमाताईने त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. "आज ह्येंनी उघडलो, उद्या दुसरो कोण उघडतलो. माका एक चावी दी." मी दिली. मग समोरच्यांनी दिली, मग खालच्या मजल्यांवरून येऊ लागल्या. तोवर लोक चावी कुठे ठेवत होते आठवतंय ना? पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीवर, तुळशीच्या कुंडीत. जगातल्या सगळ्या चोरांना ज्या जागा पाठ आहेत, नेमक्या त्या.

पण नुसत्या चाव्या सांभाळल्या म्हणून मी तिचं कौतुक करत नाहीये. या डब्यातली चावी तिने कधी आपल्या कामासाठी वापरली नाही. जी बाई साखरेसाठी टकटक न करता ओट्यापर्यंत यायची, ती बंद घर चावीने उघडताना मात्र आधी बेल वाजवायची. घरात कोणी नाही हे माहीत असूनही. आम्ही उटीला गेलो होतो तेव्हा माझ्या झाडांना पाणी घालायला ती यायची. नंतर कळलं, रोज बेल वाजवून, क्षणभर थांबून, मगच आत. मी विचारलं, "कशाला गं?" तर म्हणाली, "तुझा घर असा ता. त्येका सांगूक नको?" आमच्या सिस्टरना ही बाई दाखवायला हवी होती.

आता मला जरा दुःखाच्या गोष्टीकडे यावं लागेल. हर्षद, श्रुतिका, तुमची परवानगी आहे ना? आहे. मान हलवली.

दोन वर्षांपूर्वीचे गणपती. आपल्याकडचे गणपती म्हणजे काय, अर्धी बिल्डिंग कोकणात. जिन्यात माणूस नाही. हर्षद आणि श्रुतिका, आपलं पहिल्या मजल्यावरचं जोडपं, दोघं ऑफिसला. त्यांच्या दाराला तेव्हा बाजारातलं सगळ्यात महाग कुलूप होतं. दुकानदाराने श्रुतिकाला सांगितलेलं, "मॅडम, हे कुलूप चोर काय, मीसुद्धा उघडू शकत नाही." तो माणूस खोटं बोलला नव्हता. संध्याकाळी ती दोघं आली तेव्हा कुलूप शेवटपर्यंत बंदच होतं. जाडजूड दांडे तसेच बाहेर आलेले, चकचकीत, एक ओरखडा नाही. फक्त दार उघडं होतं. चोरांनी कुलपाला हातच लावला नव्हता. कटावणी घातली ती चौकटीत. आपल्या बिल्डरने बसवलेली चौकट, वरून रंग आणि आतून भुसा. दांडा ज्या पट्टीत अडकतो ती पट्टी नखाएवढ्या स्क्रूंवर बसवलेली. ती पट्टीसकट सोलून निघाली. श्रुतिकाच्या आजीच्या पाटल्या गेल्या. त्या परत मिळाल्या नाहीत.

तेव्हा सावंत साहेब इथे नव्हते, एक हवालदार आले होते. वयस्कर, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "बिल्डिंगमध्ये इतरांच्या चाव्या कोणाकडे असतात का?"

गायकवाड साहेब म्हणाले, "असतात. परबबाईंकडे."

"बोलवा त्यांना."

"त्या मालवणला आहेत."

"बरं. मग चाव्या आणा इकडे."

"चाव्याही मालवणला आहेत."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे अख्ख्या बिल्डिंगच्या चाव्या गणपतीला गेल्यात?"

खरंच गेल्या होत्या. मी तिथूनच तिला फोन लावला. ती आरतीतून उठून आली. म्हणाली, "घरात डबो ठेवन जावचा म्हणजे जोखीम. म्हणान संगती हाडलंय. तांदळाच्या पिंपात असत. उंदीर पन जावचो नाय." काळजी करून करून तिने असं केलं होतं, की ज्या आठवड्यात आम्हाला चावीची गरज लागण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच आठवड्यात चाव्या सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात निरुपयोगी होत्या. हवालदार जाताना हसत होते. श्रुतिकासुद्धा, डोळे पुसता पुसता, हसली होती.

पण प्रेमाताईला ते लागलं. परत आल्यावर कमिटीच्या मीटिंगला ती डबा घेऊन आली, झाकण काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "ज्येका माझो भरवसो नाय, त्येनी आपली चावी उचलायची. माका राग येवचो नाय."

कोणी हात पुढे केला नाही. उलट श्रुतिका उठली आणि आपली जास्तीची चावी तिने त्यात टाकली, पहिल्यांदाच. परत मागितली ती एकाच माणसाने, तीही फोनवरून. कुंडलिककाकांच्या देवेशने. तो टोरांटोत असतो, त्या दिवशी व्हिडिओवर हजर होता. काका, तुम्ही हसताय, म्हणजे मी सांगू शकते. देवेश म्हणाला, "काकू, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण या सिस्टीमवर नाही."

प्रेमाताई म्हणाली, "अरे देवेशा, सिस्टीम म्हंजे मीच रे!"

देवेशचंही चुकत नव्हतं. वडील एकटे, तळमजल्यावर, आणि वरच चोरी झालेली. मुलगा एवढ्या लांब बसून दुसरं काय करणार? त्याने दाराला डिजिटल कुलूप बसवलं. शिवाय वर कडी, खाली कडी आणि मधे साखळी. काका सगळ्यांना सांगत होते, "आता माझ्या घरात मुंगी शिरायची नाही." आणि खरंच शिरत नव्हती.

आता या बाईची सकाळची सवय तुम्हाला ठाऊक आहे. दुधाला स्वतः जायचं, आणि वर येताना एकट्या माणसांच्या दारावर बांगडीने एकदा वाजवायचं. आतून उत्तर यायलाच हवं. कमलताई कालथ्याने भिंत ठोकतात. मी 'चहा ठेवलाय' म्हणते, ठेवलेला नसला तरी. आणि काका आतून शाळेतल्यासारखं ओरडतात, "हजर!" चावी परत घेतली तरी काकांच्या दारावरची बांगडी काही थांबली नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी 'हजर' आलं नाही. तिने पुन्हा वाजवलं. कान लावला. आतून काकांचा बारीक आवाज आला, "प्रेमाबाई, उठता येत नाहीये."

हिच्या एका हाकेवर जिना भरला. हर्षद धावत आला, गायकवाड साहेब अर्धी दाढी करून आले. देवेशला फोन लावला, त्याने नंबर सांगितला, हर्षदने तो दाबला, कुलपाने छानशी धून वाजवली आणि ते उघडलं. दार मात्र तसंच. वरची कडी, खालची कडी, साखळी. सगळं आतून.

मग काय झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. हर्षद खांदा लावतोय, पण हळूच. गायकवाड साहेब स्क्रू ड्रायव्हर घेऊन बिजागरी शोधतायत, ती आतल्या बाजूला. कोणी म्हणतंय सुताराला बोलवा, कोणी म्हणतंय अग्निशमन दलाला. आणि आतून, जमिनीवर पडलेल्या अवस्थेत, काका ओरडतायत, "जपून रे, गेल्याच महिन्यात पॉलिश केलंय!"

"पालिश गेला खड्ड्यात!" प्रेमाताई कडाडली. "हर्षदा, घाल लाथ!"

हर्षदने घातली. एक, दुसरी, मग गायकवाड साहेबांनीही घातली. कड्या चांगल्या होत्या, सहज नाही निघाल्या. काका स्वयंपाकघरात पडले होते, खुबा मोडलेला, अंग गार पडत चाललेलं. डॉक्टर नंतर म्हणाले, दुपारपर्यंत कोणाला कळलं नसतं तर त्या वयात भरवसा देता आला नसता.

मी त्या दिवसापासून एका गोष्टीचा विचार करतेय. श्रुतिकाचं दार परक्यांनी भरदिवसा इतक्या सहज उघडलं, की कोणाला पत्ताही लागला नाही. आणि काकांचं दार उघडायला आम्ही सगळी त्यांची माणसं घामाघूम. असं का? कारण चोराला दाराचं काही वाटत नाही. आम्हाला वाटत होतं.

मग कुलूप घ्यायचंच नाही का? असं मी म्हणत नाही, नाहीतर सावंत साहेब माझ्या हातातला माईक काढून घेतील. कुलूप घ्यावं, चांगलं घ्यावं. पण मला आता एवढं कळलंय, की कोणतंही कुलूप चोराला अडवत नाही, उशीर करतं. तो उशीर कोणाच्या तरी कानावर पडला पाहिजे. कटावणीचा आवाज होतो हो, चांगला होतो. फक्त त्या दुपारी आपल्या जिन्यातला कान मालवणला होता. तुम्ही मघाशी बारा कॅमेऱ्यांची किंमत सांगितलीत. कॅमेरा बघतो, साहेब, नंतर दाखवतोही. पण 'कोण ता?' असं जिन्यात ओरडत नाही. ती ओरडते. आमच्या घरी आलेले कुरिअरवाले तिच्यामुळे पार्सल खाली ठेवून पळाले आहेत.

काका बरे होऊन आले तेव्हा देवेश सुट्टी काढून आला होता. तो स्वतः तिच्याकडे गेला. "काकू, सॉरी. चावी ठेवाल?" ती म्हणाली, "ठेवतंय. पन वरची-खालची कडी काढायची. घरात एकटा माणूस आसताना कडी नाय." हाच आता आपल्याकडे एकट्या माणसांचा नियम आहे. आतून किल्ली फिरवायची, म्हणजे दांडा बाहेर येतो आणि बाहेरून चावीने उघडताही येतं. कडी लावायची नाही. सावंत साहेब, तुमच्या दृष्टीने यात थोडी सुरक्षितता कमी होते, मला मान्य आहे. आम्ही ती जाणूनबुजून कमी केली आहे. आमच्या वयात चोर घरात येण्यापेक्षा हर्षद घरात न येऊ शकण्याची भीती जास्त आहे. ती कसर आम्ही दुसरीकडे भरून काढली. प्रत्येक दाराची पट्टी काढून थेट भिंतीपर्यंत जातील असे लांब स्क्रू बसवून घेतले, आणि ते काम प्रेमाताईने गुडघा धरून प्रत्येक मजल्यावर उभं राहून करून घेतलं. दागिने बँकेत गेले. कुलपं आहेत तीच आहेत.

आता मी जे बोलणार आहे ते बोलू नको असं तिने मला सांगितलंय. बघा, आत्ताच डोळे वटारतेय. प्रेमाताई, तू माझ्याकडे चाळीसएक वर्षं टकटक न करता आलीस. आज एकदा मला तसं येऊ दे.

जान्हवी, तुझ्याशी बोलतेय. ऑपरेशननंतर आई तुझ्याकडे राहिली, तू तिचं किती केलंस ते तिने मला कौतुकाने सांगितलंय. तुझं घर एकोणिसाव्या मजल्यावर, स्वच्छ, हवेशीर. दाराला बोटाने उघडणारं कुलूप. तुझ्या बोटाने उघडतं, जावयांच्या बोटाने उघडतं. आईच्या बोटाने उघडत नाही. नारळ खोवून, भांडी घासून तिची बोटं गुळगुळीत झाली आहेत, ते यंत्र तिला ओळखत नाही. तू तिला नंबरही पाठ करून दिलास. पण एके दुपारी ती सवयीने कचरा ठेवायला बाहेर आली. दार आपसूक लागलं. चष्मा आत, फोन आत, कुलपावरचे आकडे दिसेनात. तू ऑफिसमधून येईपर्यंत ती जिन्यात बसून होती, ऑपरेशन झालेला पाय लांब करून. तू आलीस तेव्हा ती तुला काय म्हणाली? "तुझी वाट बघूक भायर इलंय." हो ना? तुला खरं वाटलं. वाटणारच.

मी तिला विचारलं, "अगं, शेजाऱ्यांची बेल नाही का मारायची?" तर ही बाई, जिच्या हातात अख्ख्या इमारतीच्या चाव्या, ती मला म्हणते, "खंयची बेल मारू गो? दारावर नाव नाय. नुसतो नंबर." आणि त्या दिवसानंतर तुझ्याकडे होती तोवर ती एकटी उंबऱ्याबाहेर पडली नाही, जान्हवी. "भायर पडलंय, तर माका परत आत कोण घेतलो?" असं म्हणते.

नको गं, रडू नकोस. ये, आईच्या शेजारी बस. तुझी चूक नाही. तू तिला चोरांपासून सांभाळायला निघालीस, आम्ही सगळेच निघतो. मी फक्त एवढंच सांगतेय, की आम्ही आज तुझ्या हवाली जिला करतोय ती बंद दारामागे बसणारी बाई नाही. तिच्या कानांना जिना लागतो. तिला घरात येता आलं पाहिजे, म्हणजे ती घराबाहेर पडेल. आणि ती बाहेर पडली, की तुझ्या त्या एकोणिसाव्या मजल्याला एक कान मिळेल, फुकट. सावंत साहेब, दहिसरच्या तुमच्या सहकाऱ्यांना आगाऊ कळवून ठेवा.

माझा वेळ केव्हाच संपला, चेअरमन साहेब घड्याळाकडे न बघण्याची शिकस्त करतायत. मला बोलायला दिल्याबद्दल कमिटीची आभारी आहे. सावंत साहेबांनी रविवारची सकाळ आम्हाला दिली आणि त्यांच्यासमोरच मी त्यांच्या सल्ल्याविरुद्ध एवढं बोलले, ते त्यांनी ऐकूनही घेतलं, त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कोणाच्या घरातलं बाहेर काढलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर एक म्हातारी शेजारीण म्हणून पोटात घाला. प्रेमाताई, तुझी तर मी वेगळी माफी मागेन, चहा घेताना.

आता डबा. गायकवाड साहेब, तुमच्या नोटिशीत एक बदल सुचवते, आणि हा प्रेमाताईने स्वतः ठरवलेला आहे. चाव्या मालकांकडे परत जायच्या नाहीत. एकाच घरातही ठेवायच्या नाहीत, नाहीतर त्या पुन्हा कधी गणपतीला जातील. कुंडलिककाकांची चावी, हिरवी नाडी, हर्षद आणि श्रुतिकाकडे. श्रुतिकाची चावी, लाल नाडी, माझ्याकडे. कमलताईंची पिवळी गायकवाड वहिनींकडे, आणि सकाळची बांगडीसुद्धा त्यांच्याकडेच. वहिनी, आवाज मोठा करा, कमलताईंना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. माझी चावी, निळी, कुंडलिककाकांकडे. काका, तुम्ही दिवसभर घरी असता, तुमच्याइतका भरवशाचा माणूस मला कोण मिळणार? वर चढता येत नसलं तर ओरडा, हर्षद चढेल. बाकीच्यांच्या चाव्या समोरच्या दारात राहणाऱ्यांकडे. त्या मी चहाच्या टेबलापाशी एकेकाला देते, कोणी घाई करू नका. डबा प्रेमाताई घेऊन जाईल, तिला त्यात माशांच्या आमटीची तिरफळं ठेवायची आहेत.

आणि जान्हवी, त्या डिजिटल कुलपाबरोबर लोखंडाच्या दोन साध्या चाव्या आल्या होत्या. मी विचारलं, तर तू म्हणालीस, "मावशी, त्या कपाटात आहेत, घरातच." आज गेल्यावर त्या काढ. एक काळ्या दोऱ्यात ओवून आईच्या गळ्यात घाल. दुसरी तुमच्या समोरच्या घरी द्यायची आहे. त्यांचं नाव तुलाही माहीत नाही, मलाही नाही. आईला सोबत घेऊन जा, बेल तिलाच वाजवू दे, आणि नाव कळलं की संध्याकाळी मला फोन कर.